तंबूतील कॉलेज

विद्यार्थी मित्रांनो, 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट तुम्ही उर्दूत वाचली असेल. दाव्याला बांधून राहण्यापेक्षा डोंगरावरचे मोकळे जीवन पसंत करणारी आणि त्यासाठी लांडग्याशी झुंजणारी ती बकरी तुम्हांला आठवते ना? ही गोष्ट लिहिणारे डॉ. झाकीर हुसेन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शाळा-कॉलेजांतच गेला.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपला धावडा-भोकरदनचा मुलूखही हैदराबाद संस्थानातच होता. झाकीर दहा वर्षांचे असताना वडील वारले. १९११ मध्ये प्लेगने आईही गेली. इटाव्याच्या शाळेत शिकून ते अलीगढच्या कॉलेजात दाखल झाले.

१९२० साल मोठे खळबळीचे होते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाने देश संतापला होता. खिलाफत आणि असहकार या चळवळी जोरात होत्या. ऑक्टोबरमध्ये गांधीजी व अलीबंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजे सोडा, असे आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केले. झाकीर हुसेन तेव्हा तेवीस वर्षांचे तरुण होते. पुढचे शिक्षण घेताना ते तेथेच शिकवीतही असत. चांगली नोकरी समोर दिसत होती. तरीही त्यांनी कॉलेज सोडले.

पण नुसते कॉलेज सोडून काय होणार? शिकायचे कोठे? म्हणून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच 'जामिया मिल्लिया इस्लामिया' ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आरंभी तिचे वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या घरांत भरत. झाकीर हुसेन तिच्या संस्थापकांपैकी एक होते.

पुढे ते अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीला गेले. इकडे चळवळ ओसरली, मदत आटली आणि जामिया बंद करण्याची भाषा सुरू झाली. आम्ही मित्र या संस्थेला आयुष्य वाहू, ती बंद करू नका, असे त्यांनी कळवले. संस्था १९२५ मध्ये दिल्लीला हलली. १९२६ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि जामियाचे प्रमुख झाले. वीस वर्षे, दरमहा दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेता सेवा करण्याची प्रतिज्ञा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९३५ मध्ये ओखल्याला नवी इमारत बांधायची ठरली, तेव्हा पायाचा दगड शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून बसवण्यात आला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. मुलांच्या हातकामातूनच शाळेचा खर्च भागावा, हा विचार तेथे मांडला गेला. अशाने शिक्षक मुलांना राबवून घेतील, अशी शंका झाकीर हुसेन यांनी गांधीजींसमोरच बोलून दाखवली. तरीही गांधीजींनी योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले. सात ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींना मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हातकामाला जोडून, ही त्या समितीची शिफारस होती. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने हे धोरण स्वीकारले. हातकामाची ती योजना पुढे मागे पडली. पण सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला.

१९४७ च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरले. मृत्यू समोर उभा होता. काही शीख व हिंदू माणसांनी त्यांचा जीव वाचवला. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर नवी जबाबदारी आली. फाळणीने अलीगढ विद्यापीठ हादरले होते. अनेक प्राध्यापक व विद्यार्थी पाकिस्तानात निघून गेले होते. ज्या अलीगढला त्यांनी १९२० मध्ये पाठ दाखवली, तेथेच ते अठ्ठावीस वर्षांनी कुलगुरू म्हणून परतले. १९५६ पर्यंत त्यांनी ते विद्यापीठ सांभाळले.

नंतर ते बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. १९६३ मध्ये त्यांना 'भारतरत्न' मिळाले. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. जामियाच्या आवारातच त्यांची कबर आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कॉलेजात जाल. तेथे न पटणाऱ्या गोष्टी दिसतील. त्यांना नकार जरूर द्या. पण नकारानंतर आपण काय उभारणार आहोत, हेही स्वतःला विचारा.