हिंदू संघाला जिंकून देणारे बाळू पालवणकर कप्तान का झाले नाहीत?

जातीच्या, धर्माच्या नावाने संघ काढून स्पर्धा भरवणं योग्य की अयोग्य, हा वाद आपल्याकडे नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत क्रिकेटची सगळ्यात मोठी स्पर्धा अशीच व्हायची. त्या स्पर्धेतलं एक मोठं नाव म्हणजे डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर. चर्मकार समाजातला हा माणूस ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारला.

त्यांचा जन्म १८७०च्या दशकात धारवाडचा. वडील फौजेत होते, म्हणून घर पुण्याला आलं. पोरगा पारशी क्लबात मैदानाच्या कामाला लागला. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. रूळ फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला ते तासन्‌तास चेंडू टाकत. त्यातूनच हात तयार झाला. मात्र क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी कुणी दिली नाही.

गोऱ्यांचे जिमखाने देशी माणसाला सभासद करत नसत. म्हणून पारशांनी, हिंदूंनी, मुसलमानांनी आपापले जिमखाने काढले. वेगळा संघ नसता तर त्या काळी देशी माणसाला मैदानच मिळालं नसतं, हेही खरं.

पण पुण्याच्या हिंदू क्लबात बाळूंना घ्यायचं की नाही, यावरून भांडण लागलं. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू पाहिजेतच, म्हणून शेवटी घेतलं. मैदानावर चेंडूला सगळ्यांचा हात लागायचा, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. याच संघाने सातारला जाऊन तिथल्या गोऱ्या जिमखान्याला हरवलं.

प्लेगच्या साथीत बाळू मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. १९०७ पासून स्पर्धा तिरंगी झाली आणि १९१२ ला मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी.

१९११ ला पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. या संघात सगळ्या धर्मांचे खेळाडू होते. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा मोठा अभिमान होता.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही. नेमलेले कप्तान एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं होतं की हा मान बाळूंचा आहे. १९२० ला तर बाळूंना संघातूनच वगळलं आणि कप्तानपदासाठी त्यांचे भाऊ विठ्ठल यांनाही डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. लोकांत गाजावाजा झाला. मग भावांना परत बोलावलं आणि बाळूंना उपकप्तान केलं. शेवटी १९२३ ला विठ्ठल कप्तान झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

वेगळं राहायचं की एकत्र, हा प्रश्न बाळूंना राजकारणातही सुटला नाही. १९३२ ला दलितांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत, या बाजूने ते उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. आंबेडकरांचं म्हणणं वेगळं होतं. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. बाळू पडले, आंबेडकर निवडून आले.

त्याच वर्षी क्रिकेट स्पर्धा पंचरंगी झाली. १९४० ला गांधीजींनी धर्मावर चालणाऱ्या या सामन्यांना विरोध केला. मैदान भरतंय, पैसा येतोय, खेळाडू तयार होतायत, असं स्पर्धा चालवणारे सांगत होते. तेही खोटं नव्हतं. तरी १९४६ ला स्पर्धा कायमची बंद झाली.

धर्माच्या संघाने बाळूंना मैदान दिलं, हे मान्य करावंच लागेल. पण त्याच संघात त्यांचं चहाचं भांडं वेगळं होतं. आज गावात वाडीवार, भावकीवार संघ काढून चषक भरवताना एवढं बघायला हवं, की त्या संघात कुणाला फक्त चेंडू टाकायला बोलावतात आणि कप्तान कोण होतो.