अंजिराचे झाड आणि संगणक

उंबर फोडले की आत किडे दिसतात, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याच कुळातील अंजिराचे परागणही एक चिमुकला कीटक करतो. झाडावाचून त्या कीटकाचे पोट भरत नाही आणि कीटकावाचून झाडाचा वंश वाढत नाही. मार्च १९६० मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या निबंधाच्या आरंभी या सहजीवनाचा दाखला दिला आणि माणूस व संगणक यांचे नाते पुढे असेच व्हावे, अशी मांडणी केली. त्यांचे नाव जोसेफ कार्ल रॉबनेट लिक्लायडर.

११ मार्च १९१५ रोजी सेंट लुइस येथे त्यांचा जन्म झाला. पदार्थविज्ञान, गणित आणि मानसशास्त्र या तिन्ही विषयांचा अभ्यास करून १९४२ मध्ये त्यांनी श्रवणप्रक्रियेवरील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळवली. महायुद्धाच्या काळात ते हार्वर्डच्या प्रयोगशाळेत होते. विमानातील गोंगाटात एकाचे बोलणे दुसऱ्याला नीट कसे कळेल, हा तेथील त्यांचा विषय. संवादाचा हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. पुढे फक्त संवादाच्या एका टोकाला यंत्र आले.

१९५७ मध्ये त्यांनी स्वतःच्याच कामाच्या तासांची नोंद ठेवली. विचारासाठी राखलेल्या वेळेपैकी सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधणे, आकडेमोड करणे, आलेख काढणे यांतच जात होता. आलेख तयार करण्यात तास जात, त्याचा अर्थ मात्र काही क्षणांत उमगे. ही पूर्वतयारी यंत्राने करावी. उद्दिष्ट ठरवणे, प्रश्न मांडणे आणि निष्कर्षाची पारख करणे माणसाकडे राहावे, अशी कामाची वाटणी त्यांनी सुचवली. तिच्या आड येणारी मोठी अडचण त्यांना भाषेत दिसली. शहाण्या सहकाऱ्याला आपण कोठे पोहोचायचे ते सांगतो. संगणकाला मात्र प्रत्येक पाऊल सांगावे लागते.

१९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधनसंस्थेत त्यांच्याकडे एका विभागाची सूत्रे आली. एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, यासाठीच्या प्रयोगांना त्यांनी निधी मिळवून दिला. १९६३ मध्ये दूरदूरचे संगणक परस्परांशी जोडण्याची कल्पना त्यांनी सहकाऱ्यांपुढे ठेवली. इंटरनेटचे पूर्वरूप ठरलेले ‘आर्पानेट’ १९६९ मध्ये त्याच संस्थेने उभारले. १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी संगणकाला माणसामाणसांतील संवादाचे साधन म्हटले. २६ जून १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

यंत्रे एक दिवस बुद्धीने पुढे जातील आणि ही भागीदारी संपेल, ही शक्यता त्यांनी नाकारली नव्हती. तो मधला काळ १० वर्षांचा असो वा ५०० वर्षांचा, मानवी बुद्धीच्या दृष्टीने तो सर्वांत सर्जनशील ठरेल, असा त्यांचा विश्वास होता.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’ प्रणालींना केवळ मुक्काम सांगितला तरी वाट त्या स्वतः शोधतात. लिक्लायडर यांची भाषेची अडचण बरीच सुटली. पण यंत्र कोणत्या वाटेने गेले हे माणसाला दिसेनासे झाले, तर पारख करायची कशी, ही नवी अडचण उभी राहिली. माणूस व अशा प्रणाली यांच्या संघकार्याचा अभ्यास आज याच प्रश्नाशी झगडतो आहे. पारखीचे काम माणसाने आपल्या हाती ठेवायचे असेल, तर यंत्राने आपली वाट त्याला समजेल अशी सांगितली पाहिजे आणि माणसानेही ती ऐकून घेण्याइतका वेळ काढला पाहिजे.