नोकरी करणाऱ्या आईसाठी बाबासाहेब



तुमच्या घरातली लेक किंवा सून आज सरकारी नोकरीत असेल. कुणी परिचारिका, कुणी तलाठी, कुणी शिक्षिका, कुणी कचेरीत कारकून. बाळंतपणात तिला पगारी रजा मिळते. पुढे मूल आजारी पडले किंवा परीक्षेला बसले, तर बालसंगोपनाची रजाही मागता येते. हा हक्क कुणी दया म्हणून दिला काय? नाही. त्यामागे एका महामानवाची अनेक वर्षांची झुंज आहे. बाबासाहेबांच्या चरित्रात आपण चवदार तळे वाचतो, काळाराम मंदिर वाचतो, नागपूरची धम्मदीक्षा वाचतो. परंतु आई आणि मूल यांच्यासाठी त्यांनी काय केले, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. ते आज ऐका.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पाच-सहा वर्षांचे असतानाच त्यांची आई भीमाबाई वारली. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. आईवाचून मूल कसे वाढते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पुढे ते शिक्षणासाठी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गेले, तेव्हा मुंबईत माता रमाईने दारिद्र्यात संसार ओढला. त्यांच्या पाच मुलांपैकी एकटा यशवंत वाचला. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. हे दुःख आपल्या वस्तीत तेव्हा घरोघरी होते. बाळंतीण उपाशी कामाला जाई आणि मूल दुधावाचून सुकत असे.

राजरत्न गेल्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतील बायांच्या बाळंतपणाच्या मदतीचे बिल आले. बाबासाहेब तेव्हा कौन्सिलचे सभासद होते. त्यांनी बिलाला पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा नीट समजून घ्या. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे ही एका घराची खाजगी बाब नाही, त्यात सबंध राष्ट्राचे हित आहे. म्हणून त्याचा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमातून नफा काढणारा मालकही या जबाबदारीतून सुटू शकत नाही. १९२९ साली कायदा झाला. त्यात भार मालकावरच राहिला. तरी मूल वाढविण्याचा खर्च एकट्या आईने सोसायचा नाही, हा विचार कायद्यात शिरला तो कायमचा.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका आणि नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभ्या राहा, असा उपदेश बाबासाहेबांनी त्या आयाबहिणींना केला. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

तेथे एक अवघड प्रसंग आला. महायुद्धामुळे कोळसा कमी पडू लागला. बायकांनी जमिनीखाली खाणीत उतरू नये, ही बंदी १९४३ साली सरकारने उठविली. महिला संघटनांनी विरोध केला. मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तर देण्याची पाळी बाबासाहेबांवर आली. युद्धाच्या गरजेने नाइलाजाने केलेली ही तात्पुरती सोय आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, ही अट त्यात होती. ती बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. त्यांच्याच कारकिर्दीत खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा सुधारला गेला आणि खाणींवर पाळणाघरांची तरतूद आली. आई कामावर असताना मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्यांनी सरकारच्या दप्तरात नेला.

पुढे ते घटना मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेचे सोळावे कलम वाचा. सरकारी नोकरीत स्त्री म्हणून कुणाला डावलता येणार नाही. पंधराव्या कलमात स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी खास तरतूद करण्याची मुभा आहे. एकोणचाळिसाव्यात समान कामाला समान वेतन आहे आणि बेचाळिसाव्यात प्रसूती साहाय्य आहे. शेवटची दोन कलमे मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही. पण सोळावे कलम हा मूलभूत हक्क आहे. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा, १९५१ साली, त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कलम लिहिले म्हणून वागणूक लगेच बदलली काय? परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा द्यावा, असा नियम पुढे होता. सी. बी. मुथम्मा या महिला अधिकारी न्यायालयात गेल्या. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. २००८ साली केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि सबंध सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. जुलै १९२८ मध्ये कौन्सिलात पेरलेले बी असे उगवत आले.

आता आपल्या घराकडे पाहू. मी शाळेत शिकविते. मूल झाले म्हणून घरच्यांच्या आग्रहाने नोकरी सोडणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. हा आग्रह धरणाऱ्या घरातही भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते! तथागतांनी सिगालाला सांगितले की पतीने पत्नीचा मान राखावा आणि घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. आपण दीक्षा घेतली ती समतेची. मग बाळाचे लंगोट धुताना बापाला कमीपणा का वाटावा? सासूने आणि नणंदेने नातवंड मांडीवर घेऊन सुनेला वेळेवर कामावर का धाडू नये? छोट्या भीमाला मीराआत्याने सांभाळले, म्हणून आपल्याला बाबासाहेब मिळाले.

कायद्याने दिलेली रजा तुमची लेक मागेलच. घरातला हातभार मात्र कोणत्याही कचेरीतून मंजूर होऊन येत नाही. तो तुम्ही द्यायचा आहे. या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एवढे ठरवा की मूल झाले म्हणून आपल्या घरातली कोणतीही बाई नोकरी सोडणार नाही.

जयभीम!