राजेश पायलट : आकाशातून मातीकडे

दिल्लीतील मंत्र्यांच्या बंगल्यांवर पहाटे दूध पोचवणारा एक मुलगा पुढे हवाई दलात वैमानिक झाला, युद्धात लढला आणि अखेर देशाचा मंत्री झाला. राजेश पायलट यांच्या जीवनाचा हा प्रवास कष्ट, शिक्षण आणि लोकशाही यांचे सामर्थ्य दाखवणारा आहे.

त्यांचे मूळ नाव राजेश्वर प्रसाद. 10 फेब्रुवारी 1945 रोजी उत्तर प्रदेशातील बैदपुरा या खेड्यात एका गुर्जर शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षणासाठी ते दिल्लीला एका नातलगाच्या आश्रयाने राहिले. तेथे दुधाचा व्यवसाय होता. पहाटे उठून गाईम्हशींची कामे करावीत, दूध घरोघर पोचवावे आणि मग शाळा गाठावी, असा त्यांचा नित्यक्रम होता. कामामुळे अभ्यास सुटला नाही आणि अभ्यासामुळे काम अडले नाही. कमावता कमावता शिकणाऱ्या प्रत्येकाला ही ओढाताण परिचयाची वाटेल.

1966 मध्ये ते भारतीय हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. 1971 साली भारत-पाकिस्तान युद्ध झाले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. या युद्धात त्यांनी वैमानिक म्हणून भाग घेतला. पुढे ते स्क्वॉड्रन लीडर या पदापर्यंत पोचले. घरात पत्नी रमा आणि लहान मुले होती. हवाई दलात वेतन नियमित होते, समाजात मानही होता. आयुष्य स्थिरावले होते.

अशा वेळी 1979 मध्ये त्यांनी राजीनामा देण्याचा निर्णय घेतला. लोकसभेची निवडणूक लढवण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. ती अट त्यांनी केव्हाच पार केली होती. पण सेवेत असलेल्या सैनिकाला राजकारणात भाग घेता येत नाही. सैन्याने पक्षांपासून अलिप्त राहावे, हे आपल्या लोकशाहीचे महत्त्वाचे तत्त्व आहे. म्हणूनच आधी गणवेश उतरवणे भाग होते. निवडणूक हरल्यास हातची नोकरीही गेलेली असणार होती. पाठीशी संपत्ती नव्हती, राजकीय घराणेही नव्हते. तरीही त्यांनी हा धोका पत्करला.

जानेवारी 1980 मध्ये राजस्थानातील भरतपूर मतदारसंघातून ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. हा भाग त्यांना नवा होता. दिल्लीहून एक पायलट निवडणूक लढवायला येणार, एवढेच लोकांनी ऐकले होते. त्यामुळे लोक त्यांना याच नावाने ओळखू लागले आणि त्यांनीही ते नाव कायमचे स्वीकारले, असे सांगितले जाते. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा माजी सैनिक त्या निवडणुकीत विजयी झाला.

1984 मध्ये ते दौसा येथून निवडून आले. दौसा त्या काळी जयपूर जिल्ह्यात होते. 1991 मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. 1989 च्या निवडणुकीनंतर त्यांना लोकसभेबाहेर राहावे लागले. परंतु ते खचले नाहीत. 1991, 1996, 1998 आणि 1999 अशा चार निवडणुकांत दौशाच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले. खेड्यातील माणसांशी ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्यापैकीच एक होऊन बोलत.

केंद्र सरकारमध्ये त्यांनी भूपृष्ठ परिवहन, दूरसंचार, अंतर्गत सुरक्षा आणि पर्यावरण व वने या खात्यांची जबाबदारी सांभाळली. 1995 मध्ये अंतर्गत सुरक्षेचे काम त्यांच्याकडे असताना त्यांनी चंद्रास्वामी यांच्या अटकेचा आदेश दिला. चंद्रास्वामींचा सत्तेच्या वर्तुळात मोठा वावर होता. थोड्याच काळात पायलट यांचे खाते बदलले गेले. 1997 मध्ये पक्षाच्या अध्यक्षपदासाठी सीताराम केसरी यांच्या विरोधात शरद पवार आणि राजेश पायलट उभे राहिले. दोघेही पराभूत झाले. मात्र पक्षातील मोठे पद मतदानाने ठरावे, या विचाराला त्या निवडणुकीने बळ दिले.

भरतपूर, दौसा आणि जयपूर ही तिन्ही शहरे एकाच महामार्गावर आहेत. पायलट यांच्या राजकीय जीवनाचा मोठा भाग याच परिसरात गेला आणि त्याचा शेवटही येथेच झाला. 11 जून 2000 रोजी दौशाहून जयपूरकडे जाताना भंडाना गावाजवळ त्यांच्या जीपची बसशी टक्कर झाली. जीप ते स्वतः चालवत होते. या अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे पंचावन्न वर्षांचे होते. त्यांच्यानंतर दौशाने रमा पायलट यांना आणि 2004 मध्ये पुत्र सचिन यांना लोकसभेत पाठवले.

राजेश पायलट यांनी युद्धातील पराक्रमाच्या बळावर सत्तेवर हक्क सांगितला नाही. गणवेश उतरवून ते सामान्य उमेदवार म्हणून मतदारांच्या दारी गेले. लोकांनी जिंकवले तेव्हा त्यांनी काम केले आणि नाकारले तेव्हा पुन्हा लोकांमध्ये जाऊन उभे राहिले. दूध घेऊन बंगल्याच्या दाराशी थांबणारा मुलगा मतांच्या बळावर मंत्रिमंडळात पोचू शकतो, हे त्यांच्या जीवनातून दिसते.