रे. जॉर्ज लेस्ली मॅके ह्यांचा चिमटा

फोर्मोसा, म्हणजे आजचें तैवान, ह्या बेटावर सुवार्तेची सेवा करणारे रे. मॅके ह्यांचा जन्म सन १८४४ मध्यें कॅनडांत झाला. सन १८७२ मध्यें ते तामसुई बंदरीं आले. परका मनुष्य म्हणून लोक त्यांजकडे संशयानें पाहत.

पुढच्या वर्षीं प्रवासांत एक शिपाई दांतदुखीनें तळमळतांना त्यांस आढळला. त्यांनीं कठीण लांकडाचें साधन घडवून तो किडका दांत काढला. शिपायास आनंदाचे अश्रू आले. नंतर लोहाराकडून व शेवटीं न्यूयॉर्कहून चिमटे मिळाले.

गांवोगांवीं देवळाच्या पायरीवर उभे राहून मॅकेसाहेब व त्यांचे शिष्य गीत गात, दांत काढीत आणि मग उपदेश करीत. काढलेला दांत ते रोग्याच्याच हातावर ठेवीत, म्हणजे कोणास कुशंका राहत नसे. ताप उतरल्यास पुजारी त्याचें श्रेय आपल्या देवांस देत. परंतु दांताची कळ कोणीं थांबविली, हें रोग्यास पक्कें ठाऊक असे.

सुमारें बावीस वर्षांत त्यांनीं २१,००० हून अधिक दांत काढले; शिष्यांनीं व उपदेशकांनीं त्याच्या जवळजवळ निम्मे काढले.

इतरांच्या मुखांतील वेदना हरणाऱ्या ह्या सेवकास अखेरीस कंठाचा कर्करोग झाला व त्यांचा आवाज गेला. २ जून १९०१ रोजीं तामसुई येथें ते प्रभूमध्यें निजले. तथापि त्यांनीं शिकविलेले शिष्य बोलतच राहिले.

उपदेशक बंधूंनो, ज्याचें दुःख आपण हलकें करितों, तो आपलें बोलणें ऐकावयास थांबतो.