88 च्या पुढे 90 आहे

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता 88 ते 90



आज पंडिता रमाबाईंची आठवण. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. पुराणं सांगत हे कुटुंब गावोगाव पायी फिरलं. मग दुष्काळ पडला. वडील, आई, थोरली बहीण काही महिन्यांत गेले. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. रमाबाई तेव्हा 23 वर्षांच्या होत्या आणि कडेवर तान्ही मनोरमा होती.

आयुष्य इथेच थांबवून वाचलं तर ते 88 वं स्तोत्र आहे. बहुतेक विलापांच्या शेवटी आशेची एखादी ओळ येते. हे स्तोत्र मात्र अंधारातच संपतं. 89 मध्ये दावीदाचं सिंहासन पडल्याचं दुःख आहे आणि तिथे पाचांपैकी तिसरा ग्रंथ संपतो. चौथा सुरू होतो 90 ने, मोशेच्या प्रार्थनेने. मोशेच्या काळी ना राजा होता, ना यरुशलेमचं मंदिर, तरी परमेश्वर आसरा होताच. सिंहासन गमावलेल्यांना हे नेमकं इथेच ऐकायला मिळतं. पुढे परमेश्वरच राजा आहे हा सूर पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटची पाच स्तोत्रं हालेलूयाने सुरू होऊन हालेलूयानेच संपतात. प्लेलिस्ट शफल केली की हा प्रवास हरवतो.

रमाबाईंचाही पुढचा ग्रंथ उघडला. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. दुष्काळाने जिचं घर नेलं, तिनेच दुष्काळात इतरांना घर दिलं.

मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला बसल्या. आपण मोबाईलवर 23, 91, 121 उघडतो. भाषांतर करणाऱ्याला तशी निवड नसते. 88 सुद्धा शब्द न् शब्द लिहावं लागतं.

1921 मध्ये मनोरमा गेली. आमच्या निलंग्याहून सीमेपलीकडे असलेल्या गुलबर्ग्यात शाळा उभी करताना आईला साथ देणारी एकुलती एक लेक. भाषांतराचं काम तरीही चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. 1924 मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं. त्यात 88 आहे, आणि 150 सुद्धा.

तुम्ही सध्या 88 मध्ये असाल, तर ते पान घाईने उलटू नका. ते पवित्र शास्त्रातलंच पान आहे. फक्त पुस्तक तिथे मिटू नका.

प्रार्थना: प्रभू, अंधारातही तुझ्याशीच बोलत राहायला शिकव, आणि पुढचं पान उघडायला बळ दे. आमेन.