नाकातून मेंदूकडे: डॉ. हार्वे कुशिंग

मेंदूत गाठ म्हणजे खेळ खल्लास, अशा काळात अमेरिकेच्या हार्वे कुशिंग (१८६९-१९३९) यांनी मेंदूतल्या गाठींची दोन हजारांवर ऑपरेशन्स केली. कवटीच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत वाढलेली गाठ ते नाकावाटे काढायचे. पण आत अंधार, दिसायचं कमी. शेवटी त्यांनी ती वाट सोडली. पुढे मायक्रोस्कोप आला, मग एंडोस्कोप. आज बहुतेक सर्जन त्याच वाटेनं जातात.

पण गाठ वेळेत कळायला हवी ना! काठीसारख्या सातपुड्यातल्या गावात एमआरआय कुठला? मात्र ही गाठ वाढली की डोळ्यांच्या नसा दाबते आणि दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. नजरेचा हा घेर कुशिंग बारकाईनं मोजायचे. पेशंटसमोर बसून, बाजूला बोटं हलवून त्याचा अंदाज काठीतही घेता येतो. होणाऱ्या डॉक्टरांनो, एवढं तरी शिकून ठेवा.